व्हायरस साफ केला तरी साइटवर परत येतो : एकाच होस्टिंग खात्यात अनेक साइट्स असतील तर आधी कुठे बघायचं

"ताई, परत तेच सुरू झालं बघा. गुगलवर आपल्या घराचं नाव टाकलं की रमीचं पान उघडतंय. पुण्याचं एक कुटुंब येणार होतं, त्यांनी घाबरून फोन केला."

गुहागरजवळ होमस्टे चालवणाऱ्या वहिनींचा हा फोन एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आला. महिन्याभरातला तिसरा. पहिल्या खेपेला मी दिसतील त्या संशयास्पद फाइली काढल्या. दुसऱ्या खेपेला वर्डप्रेस (साइट चालवणारं सॉफ्टवेअर) नव्याने टाकलं, सगळे प्लगइन (त्याला जोडायचे छोटे प्रोग्राम) ताजे घेतले, पासवर्ड बदलले. साइट चार दिवस स्वच्छ राहिली आणि पाचव्या दिवशी पुन्हा जैसे थे. तेही मे महिन्याच्या तोंडावर, ज्या पाच-सहा आठवड्यांवर त्या घराचं वर्षाचं गणित उभं असतं.

मी साफ करत होते ती साइट, आणि घाण येत होती खात्यातून. त्या एका होस्टिंग खात्यात, म्हणजे साइट्स ठेवायला सर्व्हरवर भाड्याने घेतलेल्या जागेत, तेव्हा सात साइट्स होत्या. एक वाचनालय, हा होमस्टे, येवल्याच्या एका पैठणी विकणाऱ्या काकूंचं दुकान, एक शिकवणी वर्ग आणि आणखी तीन. तक्रार येत होती फक्त होमस्टेची, म्हणून मीही पहिल्या दोन्ही वेळा फक्त होमस्टेच्याच फोल्डरमध्ये शिरले. तुमचंही असंच होत असेल, म्हणजे एक साइट साफ करता, ती परत बिघडते, किंवा ती बरी होते आणि शेजारची बिघडते, तर पुढचं सगळं सावकाश वाचा. घाईने केलेली अर्धी सफाई हेच दुखणं परत परत येण्याचं सगळ्यात मोठं कारण आहे.

एक आधीच सांगते : फाइलींची आणि फोल्डरांची नावं मी इथे देवनागरीत लिहिली आहेत. सर्व्हरवर ती रोमन अक्षरांत दिसतील.

खातं म्हणजे नेमकं काय

एका आयपी पत्त्यावर (सर्व्हरच्या इंटरनेटवरच्या क्रमांकावर) अनेक साइट्स राहू शकतात, कारण ब्राउझर प्रत्येक विनंतीसोबत 'होस्ट' नावाच्या एका ओळीत साइटचं नाव सांगतो. १९९७ च्या एचटीटीपी १.१ मानकात ही ओळ सक्तीची झाली. सर्व्हर ते नाव वाचतो आणि ठरवतो की या नावाला हा फोल्डर दाखवायचा. शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे एकच सर्व्हर अनेकांनी वाटून घेतलेला असतो तिथे, आपण 'अ‍ॅडऑन डोमेन' जोडतो तेव्हा एवढंच होतं. नाव नवं, फोल्डर नवा. बाकी सगळं जुनंच.

त्या 'बाकी'त सगळी मेख आहे. सातही साइट्स लिनक्सच्या, म्हणजे सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या, एकाच युजरच्या नावावर असतात. वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलेलं असतं ती पीएचपी. पैठणीच्या दुकानाचं पीएचपी आणि होमस्टेचं पीएचपी एकाच युजरच्या अधिकाराने चालतं. म्हणजे दुकानातली एखादी पीएचपी फाइल होमस्टेच्या फोल्डरमध्ये जाऊन तिथल्या फाइली वाचू शकते, बदलू शकते, पुसू शकते. तिला कुणी अडवत नाही, कारण सर्व्हरच्या लेखी दोघींचा मालक एकच.

जुन्या वाड्यातली बिऱ्हाडं डोळ्यांसमोर आणा. दिंडी दरवाजाला भक्कम अडसर आहे, पण आत कुठल्याच खोलीला कडी नाही. होस्टिंगवाले सांगतात की आमच्याकडे केजएफएस आहे, प्रत्येक खातं वेगळं कोंडलेलं आहे. ते खरंच आहे, पण तो बंदोबस्त दोन वाड्यांमधला आहे. तुमच्याच वाड्यातल्या दोन बिऱ्हाडांमध्ये तो काही करत नाही.

यातूनच एक गोष्ट निघते जी मला दुसऱ्या सफाईनंतर उमगायला हवी होती. प्रत्येक वर्डप्रेसच्या डेटाबेसचा (साइटचा मजकूर जिथे साठतो त्याचा) पासवर्ड त्याच्या 'डब्ल्यूपी-कॉन्फिग' फाइलमध्ये साध्या अक्षरांत लिहिलेला असतो. होमस्टेचा डेटाबेस पासवर्ड मी बदलला, नवा पासवर्ड त्या फाइलमध्ये टाकला, आणि शेजारच्या फोल्डरमध्ये बसलेल्या घुसखोराने तो लगेच वाचला असणार. आतला माणूस आत असताना कुलपं बदलून उपयोग नसतो.

आधी खात्री करा की रोग हाच आहे

वहिनींना रमीचं पान दिसत नव्हतं, पाहुण्यांना दिसत होतं. मलाही दिसत नव्हतं. पहिल्या फोनला मी त्यांना "तुमच्या मोबाइलमध्येच काहीतरी असेल" असं सांगून टाकलं होतं, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. हा प्रकार मुद्दाम असाच लिहिलेला असतो. लॉग-इन केलेल्या माणसाला स्वच्छ साइट दाखवायची, थेट पत्ता टाकून येणाऱ्याला स्वच्छ साइट दाखवायची, आणि गुगलमधून मोबाइलवर येणाऱ्याला मात्र दुसरीकडे ढकलायचं. तेही बऱ्याचदा एका आयपीवरून एकदाच. दुसऱ्यांदा बघायला गेलात की सगळं ठीक.

म्हणून तपासताना घरचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर या, इन्कॉग्निटो खिडकी उघडा, गुगलमध्ये साइटचं नाव शोधा आणि निकालावर टिचकी मारा. पत्ता हाताने टाइप करू नका. दुसरं, गुगलमध्ये 'साइट' हा शब्द, रोमन अक्षरांत, त्याला चिकटून अपूर्णविराम (:) आणि पुढे आपलं डोमेन असा शोध घ्या. तुम्ही कधीही न लिहिलेली पानं, जपानी अक्षरांतली मथळ्यांची रांग, औषधांची किंवा जुगाराची नावं दिसली तर शंका घ्यायला जागा उरत नाही. तिसरी खूण म्हणजे स्वतःच्याच वर्डप्रेसच्या प्रशासन पानावर ४०३ असा नकार येणं. घुसखोर प्रत्येक फोल्डरमध्ये सर्व्हरला त्या फोल्डरचे नियम सांगणारी एक '.एचटीअ‍ॅक्सेस' टाकून जातो, ज्यात त्याच्या स्वतःच्या फाइलींखेरीज इतर पीएचपी चालू द्यायचं नाही असं लिहिलेलं असतं. त्या जाळ्यात मालकच अडकतो.

काही वेळा हा रोग नसतोच. मुख्य डोमेनची एक रीडायरेक्टची (पाहुण्याला दुसऱ्या पत्त्यावर पाठवणारी) ओळ बाकीच्या साइट्सना छळत असते. त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

फाइल मॅनेजरमधली तारीख खोटी असू शकते

तिसऱ्या खेपेला मी पहिल्यांदा संपूर्ण खातं उघडून बसले. 'पब्लिक_एचटीएमएल' हा साइट्सच्या फाइलींचा मुख्य फोल्डर. तो धरून आतल्या सगळ्या साइट-फोल्डरांची यादी कागदावर उतरवली आणि प्रत्येकापुढे लिहिलं : हा कुणाचा, चालू आहे का, शेवटचा कधी उघडला. सात साइट्स होत्या, फोल्डर निघाले अकरा. एक 'टेस्ट', एक 'न्यू', एक 'बॅकअप२', आणि एक 'ओल्ड'.

अलीकडे बदललेल्या फाइली शोधायचा नेहमीचा मार्ग म्हणजे फाइल मॅनेजरमध्ये 'लास्ट मॉडिफाइड'नुसार रांग लावणं. मी पहिल्या दोन खेपांना तेच केलं आणि फसले. ती तारीख कुठलाही प्रोग्राम हवी तशी बदलू शकतो. घुसखोर आपल्या फाइलीला शेजारच्या जुन्या फाइलींचीच तारीख देतो, म्हणजे ती गर्दीत मिसळून जाते. लिनक्स प्रत्येक फाइलीची आणखी एक वेळ ठेवतं, तिला सीटाइम म्हणतात. फाइलीचा मजकूर, नाव, परवानगी किंवा तारीख यातलं काहीही बदललं की सीटाइम त्या क्षणाचा होतो, आणि तो मागे सरकवायची सोय साध्या युजरला नसते. सीपॅनेलमध्ये (होस्टिंग खातं सांभाळायच्या पानावर) 'टर्मिनल', म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, मिळत असेल तर 'फाइंड' या आज्ञेने गेल्या सात दिवसांत सीटाइम बदललेल्या पीएचपी फाइली मागा, एमटाइमने, म्हणजे त्या 'लास्ट मॉडिफाइड' तारखेने, मागू नका. टर्मिनल नसेल तर होस्टिंगच्या सपोर्टला नेमकी हीच यादी मागा. "साइट हॅक झाली आहे, बघा" असं लिहिलं की ते स्कॅनरचा अहवाल चिकटवून मोकळे होतात. "माझ्या संपूर्ण होम डिरेक्टरीतल्या, सात दिवसांत सीटाइम बदललेल्या पीएचपी फाइलींची यादी द्या" असं लिहिलं की यादी मिळते.

माझ्या यादीत होमस्टेच्या फाइली होत्याच. वाचनालयाच्याही होत्या, पैठणीच्या दुकानाच्याही. त्या दोघांची तक्रार अजून आली नव्हती इतकंच. आणि सगळ्यात जुना सीटाइम असलेली फाइल होती 'ओल्ड'मध्ये.

विसरलेलं दार

'ओल्ड'मध्ये आमच्या भागातल्या एका ढोल-ताशा पथकाची साइट होती. पथक बंद पडलं, डोमेनचं नूतनीकरण कुणी केलं नाही, ते गेलं. फोटो जाऊ नयेत म्हणून मी फोल्डरचं नाव बदलून तो तसाच ठेवला. माझ्या समजुतीत ती साइट बंद होती. डोमेनच नाही तर पोचणार कोण?

पण तो फोल्डर 'पब्लिक_एचटीएमएल'च्या आत होता, आणि 'पब्लिक_एचटीएमएल' म्हणजे खात्याच्या मुख्य डोमेनचं, इथे वाचनालयाचं, घर. वाचनालयाच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ आणि 'ओल्ड' एवढं टाकलं की पथकाचं जुनं वर्डप्रेस जगात कुणालाही उघडत होतं. इंटरनेटवर रात्रंदिवस फिरणारे बॉट (आपोआप चालणारे प्रोग्राम) नेमकी हीच नावं लावून बघतात : ओल्ड, न्यू, टेस्ट, बॅकअप, डेमो, डब्ल्यूपी. त्यांना तुमच्या साइटचं काही घेणंदेणं नसतं. ते दारं ढकलत जातात, उघडेल तिथे शिरतात.

आता लॉगची, म्हणजे कुणी कधी कुठलं पान मागितलं याच्या सर्व्हरच्या नोंदवहीची गोष्ट. हा सगळ्या तपासाचा कणा आहे. सीपॅनेलमध्ये 'रॉ अ‍ॅक्सेस' या ठिकाणी प्रत्येक डोमेनचा लॉग वेगळा मिळतो. मी दोन्ही वेळा होमस्टेचा लॉग वाचला होता. त्यात गैर काहीच नव्हतं, आणि असणारही नव्हतं, कारण कुणी होमस्टेच्या पत्त्यावरून आतच आलं नव्हतं. वाचनालयाचा लॉग उघडला तेव्हा सापडलं. दर काही तासांनी एक 'पोस्ट' (सर्व्हरला माहिती पाठवणारी) विनंती, एकाच फाइलीला : ओल्ड, मग डब्ल्यूपी-कंटेंट, मग अपलोड्स, मग २०१८, मग ०९. त्या फोल्डरमध्ये २०१८ च्या गणपती मिरवणुकीचे फोटो होते. भगव्या फेट्यातली मुलं, टिपऱ्या उगारलेले हात, गुलालाने लाल झालेली ताशांची कातडी. आणि त्या फोटोंच्या रांगेत एक पीएचपी फाइल. अपलोड्सच्या फोल्डरमध्ये पीएचपीचं काहीच काम नसतं. एकही सापडली तरी ती शत्रूची समजा.

हे लॉग सर्व्हर फार दिवस ठेवत नाही. त्याच पानावर लॉग होम डिरेक्टरीत साठवून ठेवण्याची खूण असते, ती आजच करून ठेवा. घटना घडल्यावर केलेली खूण मागचं काही परत आणत नाही.

लोकांना वाटतं की बंद साइट, निष्क्रिय केलेला प्लगइन, न वापरलेली थीम म्हणजे झोपलेल्या वस्तू. वर्डप्रेससाठी त्या झोपलेल्या असतात, वेब सर्व्हरसाठी नाही. फाइल डिस्कवर आहे आणि तिचा पत्ता माहीत आहे, तर ती चालते. २०११ च्या ऑगस्टमध्ये टिमथंब नावाच्या, फोटो लहान करणाऱ्या एका छोट्या स्क्रिप्टमधलं छिद्र उघडकीला आलं. ती शेकडो थीमांसोबत येत असे. ज्यांनी वर्डप्रेस ताजं ठेवलं होतं, पण न वापरलेली एखादी थीम फोल्डरमध्ये पडू दिली होती, त्यांनाही त्याचा फटका बसला. पथकाच्या साइटवरही वर्डप्रेसचं मूळ बऱ्यापैकी सुधारत आलं असणार, कारण किरकोळ सुरक्षा सुधारणा २०१३ च्या ३.७ आवृत्तीपासून आपोआप येतात. प्लगइनचं तसं नाही. त्यांच्या स्वयंचलित सुधारणेचं बटण २०२० च्या ५.५ आवृत्तीत आलं, आणि ते आपण दाबल्याशिवाय चालू होत नाही. पथकाच्या साइटवर ते दाबायला कोण जाणार होतं?

पुसलेली फाइल डोळ्यांदेखत परत येते तेव्हा

दार सापडलं, 'ओल्ड' मी तसाच्या तसा उतरवून घेतला आणि सर्व्हरवरून काढला. मग होमस्टेची 'इंडेक्स.पीएचपी' उघडली. वर्डप्रेसची मूळ फाइल अर्ध्या केबीपेक्षाही लहान असते, ही चौदा केबीची होती. परवानगी ४४४, म्हणजे फक्त वाचता येईल अशी. ती ६४४ केली, म्हणजे मालकाला लिहिता येईल अशी, मजकूर काढून मूळ मजकूर टाकला, साठवला. फोल्डर ताजा केला तर पुन्हा चौदा केबी आणि पुन्हा ४४४. परत केलं, परत तेच. चहाचा कप उचलून खाली ठेवेपर्यंतचाही वेळ गेला नव्हता.

अशा वेळी माणूस घाबरतो आणि फाइली पुसत सुटतो. थांबा. फाइल इतक्या लवकर परत येत असेल तर ती लिहिणारा प्रोग्राम त्या क्षणी सर्व्हरच्या मेमरीत जिवंत आहे. तो एकदा सुरू झाला की स्वतःची मूळ फाइल पुसून टाकतो आणि मेमरीतच राहतो, म्हणून कुठलाही फाइल स्कॅनर त्याला पकडत नाही. टर्मिनलमध्ये 'पीएस' आज्ञेने चालू प्रोसेसची यादी काढली. पीएचपीचं नेहमीचं काम काही सेकंदांत उरकतं. इथे एक प्रोसेस चार दिवसांपासून चालू होती आणि तिच्या नावात ज्या फाइलीचा पत्ता होता ती फाइल डिस्कवर नव्हतीच.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी सीपॅनेलमधलं 'क्रॉन जॉब्ज', म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या आज्ञांची यादी, उघडा. तुम्ही न टाकलेली ओळ, विशेषतः दर मिनिटाला काहीतरी उतरवून चालवणारी किंवा अगम्य अक्षरांची लांब माळ असलेली, काढा. मग प्रोसेस मारा. उलट केलंत तर क्रॉन तिला पुढच्या मिनिटाला पुन्हा उभी करेल. प्रोसेस मारल्याबरोबर 'डिरेक्टरी प्रायव्हसी' वापरून 'पब्लिक_एचटीएमएल'ला पासवर्ड लावा. तो आतल्या सगळ्या फोल्डरांना लागू होतो, त्यामुळे एका कृतीत सगळ्या साइट्सची दारं बंद होतात. एखाद्या साइटचा फोल्डर 'पब्लिक_एचटीएमएल'च्या बाहेर असेल तर त्याला वेगळा लावा. मग पुन्हा प्रोसेसची यादी बघा, दहा मिनिटांनी पुन्हा बघा. टर्मिनल नसेल तर सपोर्टला लिहा की माझ्या युजरच्या सगळ्या प्रोसेस बंद करा. ते त्यांच्यासाठी एका ओळीचं काम आहे.

हो, सगळ्या साइट्स काही तास बंद राहतील. ज्यांची तक्रार नाही त्यांच्याही. प्रत्येकाला आधी फोन करा आणि खरं कारण सांगा. पैठणीच्या काकूंना सांगताना मला अवघड वाटत होतं, कारण लग्नसराई होती. त्या म्हणाल्या, "एक दिवस दुकान बंद राहिलेलं चालेल गं, पण गिऱ्हाइकाला आपल्या दारातून भलतीकडे पाठवू नको." सातपैकी सहा साफ करून सातवी नंतर करू असं कधीही करू नका. सातवी रातोरात बाकीच्या सहांना पुन्हा बाटवते.

सफाई

सुरुवात बॅकअपने करा, आजारी अवस्थेतला असला तरी. काही चुकलं तर फोटो आणि मजकूर त्यातूनच मिळणार आहे. तो आपल्या संगणकावर उतरवा, सर्व्हरवर ठेवू नका.

नंतर प्रत्येक साइटमधल्या 'डब्ल्यूपी-अ‍ॅडमिन' आणि 'डब्ल्यूपी-इन्क्लुड्स' हे दोन फोल्डर पूर्ण काढून ताज्या वर्डप्रेसमधून नवे टाका. त्यावर नवे लिहू नका, काढून टाका. नाहीतर घुसखोराच्या जादा फाइली आत तशाच राहतात. प्लगइन आणि थीमही मुळातून घ्या. चोरीच्या, 'नल्ड' म्हणून फुकट फिरणाऱ्या थीम असतील तर त्या आजच टाकून द्या. त्यांच्यात दार आधीपासूनच ठेवलेलं असतं. 'डब्ल्यूपी-सीएलआय' (टर्मिनलमधून वर्डप्रेस सांभाळायचं साधन) असेल तर मूळ फाइलींची पडताळणी करणारी त्याची चेकसमची आज्ञा चालवा. वर्डप्रेसच्या अधिकृत भांडारातल्या प्लगइनसाठीही तशी आज्ञा आहे.

तीन जागा लोक हमखास विसरतात. पहिली, 'एमयू-प्लगइन्स' हा फोल्डर. यातलं सगळं आपोआप चालू असतं आणि प्लगइनच्या नेहमीच्या यादीत दिसत नाही. दुसरी, '.यूजर.आयएनआय' ही पीएचपीच्या सेटिंगची फाइल. तिच्यात 'ऑटो_प्रीपेंड_फाइल' अशी ओळ असेल तर त्या साइटचं प्रत्येक पीएचपी पान उघडण्याआधी घुसखोराची फाइल चालते. ती ओळ काढल्यावरही परिणाम लगेच जात नाही, कारण पीएचपी ही फाइल साधारण ३०० सेकंद लक्षात ठेवतं. पाच मिनिटं थांबा, मगच निष्कर्ष काढा. आणि जोडलेली फाइल आधी पुसू नका, आधी ओळ काढा, नाहीतर साइट पांढरी पडेल. तिसरी जागा डेटाबेस. वापरकर्त्यांच्या तक्त्यात अनोळखी प्रशासक आहे का ते थेट 'पीएचपीमायअ‍ॅडमिन'मध्ये बघा. वर्डप्रेसच्या पडद्यावर तो लपवलेला असू शकतो. वाचनालयाच्या साइटवर असा एक निघाला.

पासवर्ड आता बदला, सगळी सफाई झाल्यावर. सीपॅनेलचा, प्रत्येक एफटीपी (फाइली चढवण्या-उतरवण्याच्या) खात्याचा, प्रत्येक डेटाबेस युजरचा, प्रत्येक प्रशासकाचा. कुणीतरी कधीतरी उघडलेली एफटीपी खाती बंद करा. 'एसएसएच अ‍ॅक्सेस'मध्ये (टर्मिनलने बाहेरून आत येण्याची वाट) अनोळखी चावी आहे का बघा. 'डब्ल्यूपी-कॉन्फिग'मधल्या आठ गुप्त ओळी नव्या घाला, म्हणजे आधी लॉग-इन करून बसलेला कुणीही बाहेर फेकला जाईल. डेटाबेसला प्रत्येक साइटचा वेगळा युजर द्या. माझ्याकडे सोयीसाठी सगळ्यांना एकच दिला होता.

शेवटी गुगल सर्च कन्सोल, म्हणजे साइटमालकांसाठीचं गुगलचं पान. घुसखोर सत्यापनाची छोटी एचटीएमएल फाइल टाकून स्वतःला मालक म्हणून जोडून घेतो आणि हजारो खोट्या पानांचा साइटमॅप (पानांची यादी) सादर करतो. मालकांच्या यादीत अनोळखी ईमेल असेल तर आधी ती फाइल पुसा, मग त्याला काढा. 'सुरक्षा समस्या'खाली इशारा आला असेल तर तिथूनच पुनरावलोकनाची विनंती करा. काय सापडलं आणि काय केलं ते नेमकं लिहा.

व्हायरस नाही, पण लक्षणं तशीच

अपाचे सर्व्हर एखादी फाइल देताना वरपासून खालपर्यंत वाटेतल्या प्रत्येक फोल्डरची '.एचटीअ‍ॅक्सेस' वाचतो. त्यामुळे मुख्य डोमेनच्या फाइलीत 'रीडायरेक्ट'ने सगळं नव्या पत्त्यावर पाठवणारी ओळ लिहिली असेल, तर आतल्या अ‍ॅडऑन साइट्सचे पाहुणेही तिकडेच जातात. 'रीराइट'चे (मागितलेला पत्ता आतल्या आत बदलणारे) नियम वेगळे वागतात. आतल्या फोल्डरने स्वतःचं रीराइट इंजिन चालू केलं असेल, आणि वर्डप्रेस करतंच, तर वरचे रीराइट नियम तिथे लागू होत नाहीत. म्हणून कधी वरचा नियम खाली नको असताना पोचतो, आणि कधी हवा असताना पोचत नाही. पीएचपीच्या आवृत्तीचंही असंच. मुख्य डोमेनसाठी निवडलेली आवृत्ती सीपॅनेल त्याच '.एचटीअ‍ॅक्सेस'मध्ये लिहितं आणि आतल्या साइट्स ती वारशाने घेतात. एका साइटसाठी पीएचपी ८ केलं आणि दुसरीच पडली, याचं कारण बहुधा हेच. 'मल्टीपीएचपी मॅनेजर'मध्ये प्रत्येक डोमेनला स्पष्टपणे आवृत्ती द्या, वारशावर सोडू नका.

दर काही महिन्यांनी एखाद्याच साइटचं एसएसएल (पत्त्याशेजारच्या कुलपामागचं सुरक्षा प्रमाणपत्र) संपत असेल तरीही तिथेच बघा. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेचं प्रमाणपत्र ९० दिवसांचं असतं. नूतनीकरणापूर्वी '.वेल-नोन' फोल्डरमधली एक फाइल बाहेरून वाचून पाहिली जाते. वरचं रीडायरेक्ट तिला भलतीकडे नेत असेल तर पडताळणी फसते.

आणि ५०८ हा आकडा, 'रिसोर्स लिमिट'चा. क्लाउडलिनक्सच्या (होस्टिंगवाले वापरतात त्या लिनक्सच्या) मर्यादा साइटला नसतात, खात्याला असतात. शिकवणी वर्गाच्या लॉग-इन पानावर बॉट धडका मारत असतील तर ५०८ पैठणीच्या दुकानावरही दिसेल. दिसतं तिथे कारण शोधू नका, सगळ्या डोमेनचे त्या वेळेचे लॉग शेजारी शेजारी ठेवा.

त्यानंतर मांडणी बदलली

सात साइट्स आता एका खात्यात नाहीत. रिसेलर पद्धतीचं होस्टिंग घेतलं, ज्यात प्रत्येक साइटला स्वतःचं वेगळं सीपॅनेल आणि वेगळा लिनक्स युजर मिळतो. खर्च वाढला, तो मी प्रत्येकाला हिशेब दाखवून सांगितला. ज्यांच्या साइटवर पैशांचे व्यवहार होतात किंवा लोकांचे फोन नंबर साठतात त्यांना तर एकत्र ठेवूच नका, हे माझं ठाम मत आहे. तेवढं परवडत नसेल तर निदान अ‍ॅडऑन डोमेनचे फोल्डर 'पब्लिक_एचटीएमएल'च्या आत न ठेवता शेजारी ठेवा. होस्टिंग परवानगी देत असेल तर डोमेन जोडतानाच तो मार्ग लिहिता येतो. एकमेकांच्या फाइली लिहिण्याचा धोका यानेही जात नाही, पण '.एचटीअ‍ॅक्सेस'चा वारसा थांबतो आणि मुख्य डोमेनच्या पत्त्यामागून कुणी आत शिरत नाही.

अपलोड्स फोल्डरमध्ये पीएचपी चालू द्यायचं नाही, अशी '.एचटीअ‍ॅक्सेस' प्रत्येक साइटला टाकली. साइट बंद झाली की फोल्डर त्याच दिवशी उतरवून घेते आणि सर्व्हरवरून काढते.

पथकाचे फोटो मात्र गेले नाहीत. उतरवलेल्या 'ओल्ड'मधून चित्रं तेवढी वेगळी काढली, प्रत्येक उघडून पाहिली, आणि त्यांची साधी एचटीएमएल पानं बनवली. त्यात वर्डप्रेस नाही, पीएचपी नाही, डेटाबेस नाही, त्यामुळे सुधारत बसायलाही काही नाही. पथकातल्या एका मुलाला पत्ता पाठवला, तो आता पुण्यात नोकरी करतो. त्याने रात्री अकराला उत्तर पाठवलं, "ताई, हे सगळं गेलं असं वाटलं होतं."

होमस्टेसाठी मी पुढचे पंधरा दिवस रोज सकाळी सीटाइमची यादी काढत होते. पहिल्या दिवशी तीन फाइली आल्या, तिन्ही मीच बदललेल्या. दुसऱ्या दिवसापासून यादी रिकामी येत गेली. दहाव्या दिवशी गुगलचा इशारा उतरला आणि वहिनींनी पुण्याच्या त्याच कुटुंबाला पुन्हा फोन लावला.